अपघातानंतर मनाकडे कोण बघतं?

संपादक साहेब,

मागच्या वर्षी माझ्या मेव्हण्याचा हायवेवर अपघात झाला, पायाला प्लास्टर घालून आठवड्यात घरी सोडलं, सगळे म्हणाले थोडक्यात वाचला. पण तो रात्री दचकून उठायचा, ट्रकचा हॉर्न ऐकला की घामाघूम व्हायचा, ते दवाखान्यात कोणी विचारलंच नाही आणि आम्हीपण नुसतं झालं गेलं विसर म्हणत राहिलो. पहिल्या महिन्यातल्या अशा त्रासाला अ‍ॅक्यूट स्ट्रेस डिसऑर्डर म्हणतात आणि महिना उलटूनही राहिला तर पीटीएसडी, म्हणजे धक्क्यानंतर मनात घर करून राहिलेला आजार, हे मला फार उशिरा कळलं.

अमेरिकेत ऑरोरा नावाच्या अभ्यासात, अपघातासारख्या धक्कादायक घटनेनंतर ७२ तासांच्या आत इमर्जन्सीत आलेल्या पेशंटना मनगटी घड्याळ आणि फोनवर अ‍ॅप देऊन आठ आठवडे झोप, नाडी, हालचाल बघितली. आपल्याकडे लगेच घड्याळं नकोत, पण फोन तर बहुतेक घरात आहे ना, डिस्चार्जच्या वेळी नंबर घ्या, आठवड्याला मराठीत तीन-चार प्रश्न पाठवा, झोप लागते का, तेच तेच डोळ्यासमोर येतं का, आणि उत्तर काळजीचं वाटलं तर जिवंत माणसाने फोन करावा, मशीनने नाही. २०२२ पासून टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहेच, त्याला हे जोडता येईल. फक्त माहिती पेशंटला विचारूनच घ्या, ती विमा कंपनीकडे किंवा मालकाकडे गेली तर कोणी खरं सांगणार नाही.

मेव्हणा अजून गाडीला हात लावत नाही.

- एक वाचक, सातारा