हर्णैच्या मावश्यांना

आम्ही सहाजण समाजशास्त्रात एम.ए. झालो. १९२४ मध्ये मुंबई विद्यापीठातला हा विभाग हाती घेणारे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये मूळचे मालवणचे, हे पहिल्या वर्षी कळलं तेव्हा ऊर भरून आला होता. पण माणसांत कसं बसायचं, ते हर्णै बंदरावरच्या मावश्यांनी शिकवलं. संध्याकाळचा मासळीचा लिलाव, पायाखाली ओली वाळू, आणि आम्ही प्रश्नावली घेऊन मध्येच उभे! "आधी पाटीला हात लाव, मग इचार काय ते," एक मावशी म्हणाल्या. मग बर्फ, डिझेल, तांडेलाचा म्हणजे होडीच्या प्रमुखाचा वाटा, सगळं त्यांनीच उलगडून सांगितलं.

मावशी, लघुप्रबंधात तुमची नावं बदलली, तशी इथेही घेत नाही. शेवटची एसटी चुकली तेव्हा ओटीवर अंथरूण घालून, सकाळी सुकटीची पुडी हातात देणाऱ्या आजी, तुमचेही मनापासून आभार.