आधी बिले दुरुस्त करा, मग शास्तीमाफीचे बोला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मालमत्ता कराची थकबाकी वसूल होत नाही म्हटले की आपल्याकडे दोन उपाय ठरलेले आहेत. मार्चमध्ये जप्तीची पथके फिरवायची, नळ तोडायचे. तेवढ्याने भागले नाही तर अभय योजना काढून शास्ती, म्हणजे थकबाकीवरचा दंड, माफ करायची. यातल्या दुसऱ्या उपायाचा हिशेब कागदावर मांडला, तर वेळेवर कर भरणाऱ्याच्या पदरात काय पडते ते दिसते. तो हिशेब सोलापूरच्या वाचकांपुढे यावा, म्हणून हे पत्र.

मालमत्ता कर सहामाही असतो, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला देय होतो. मुदत टळली की बाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. समजा एका घराचा वार्षिक कर ६,००० रुपये आहे आणि मालकाने पाच वर्षे एक पैसा भरला नाही. सोयीसाठी प्रत्येक वर्षाची शास्ती ते वर्ष संपल्यापासून धरू. पाचव्या वर्षाच्या अखेरीस पहिल्या वर्षाच्या करावर ९६ टक्के, दुसऱ्याच्या ७२, तिसऱ्याच्या ४८ आणि चौथ्याच्या करावर २४ टक्के शास्ती झालेली असते. तिची बेरीज १४,४०० रुपये. मूळ कर ३०,००० धरून एकूण देणे ४४,४००.

आता हाच माणूस दर वर्षअखेर ते ६,००० रुपये ७ टक्के व्याजाने बँकेत ठेवत गेला असेल, तर पाचव्या वर्षाच्या शेवटी त्याच्याकडे सुमारे ३४,५०० रुपये जमतात. शास्ती पूर्ण माफ झाली तर तो ३०,००० भरतो आणि साडेचार हजार त्याच्याकडे राहतात. ८० टक्के माफ झाली तर ३२,८८० भरतो, तरी सोळाशेच्या वर उरतात. शेजाऱ्याने दरवर्षी मुदतीत भरून ५ टक्के सूट घेतली असे धरले, तर त्याचे वर्षाला ३०० रुपये वाचले. तेही बँकेत ठेवले असते तर पाच वर्षांत सुमारे १,७२५ झाले असते. म्हणजे ८० टक्के माफीला भरणारा आणि थकवणारा जवळजवळ बरोबरीत येतात. त्याच्या वरच्या प्रत्येक टक्क्याला थकवणारा पुढे जातो. अभय योजना एकदा आली आणि पुन्हा आली की हा हिशेब लोकांना कोणी शिकवावा लागत नाही.

म्हणून माझी पहिली मागणी स्पष्ट आहे: माफी द्यायचीच असेल तर ती शास्तीच्या निम्म्यापलीकडे कधीही जाऊ नये. २४ टक्क्यांचे निम्मे १२ टक्के. बँकेत ठेवून मिळणाऱ्या व्याजापेक्षा तरी ते जास्त राहते, आणि कर थकवणे फायद्याचे ठरत नाही. एका मिळकतीला ही सवलत एकदाच मिळावी आणि तशी नोंद मिळकत क्रमांकासमोर कायमची राहावी.

पण सगळेच थकबाकीदार लबाड असतात असे मी अजिबात म्हणत नाही. मोठा भाग असा आहे की बिलच चुकीचे आहे, म्हणून माणूस भरत नाही. थोडे भरले तर चूक मान्य केल्यासारखे होईल या भीतीने तो तेवढेही भरत नाही.

शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत, तर हे नेहमीचे आहे. घराला लागून मागाचा शेड असतो. माग कधीच भंगारात गेले, शेडला मोरी-ओटा करून तिथे आता धाकट्या भावाचा संसार आहे. आकारणी मात्र बिगरनिवासीच चालू आहे. बिगरनिवासी म्हटले की दर चढा, शासनाचा शिक्षण उपकर जास्त आणि वर रोजगार हमी उपकर, जो राहत्या घराला लागतच नाही. आपले बिल हातात घेऊन ही ओळ तपासा. राहत्या घराच्या बिलात ‘रोजगार हमी उपकर’ दिसला तर वापराची नोंद चुकलेली आहे.

दुरुस्तीसाठी कर आकारणी विभागाकडे वापरबदलाचा लेखी अर्ज द्यावा लागतो. सोबत औद्योगिक वीजजोड बंद झाल्याचा किंवा घरगुती झाल्याचा महावितरणचा कागद, माग विकल्याची पावती असल्यास ती, आणि शेडचे आतून-बाहेरून फोटो लावावेत. अर्जाच्या स्थळप्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पुढे सगळे त्या तारखेवर ठरते. स्थळ पाहणीला कोणी आले तर त्या दिवशी लिहिलेल्या पाहणी अहवालात मोजमाप आणि वापर काय नोंदवला ते वाचूनच सही करावी. इथे एक अडचण येते. दुरुस्ती साधारणपणे पुढच्या मागणीपासून लागू होते, मागची बाकी आणि तिच्यावरची शास्ती तशीच राहते. प्रकरण तिथेच कुजते.

दुसरी चूक १९९२ च्या हद्दवाढीत आलेल्या भागांतली. मूळ जमिनीवर मोकळ्या जागेची आकारणी होती. पुढे प्लॉट पडले, घरे झाली, प्रत्येक घराला स्वतंत्र मिळकत क्रमांक मिळाला आणि रहिवासी कर भरू लागले. पण जुन्या मालकाच्या नावावरची मोकळ्या जागेची नोंद कोणी बंदच केली नाही. एकाच जमिनीची मागणी दोन ठिकाणी. जुनी मागणी कोणी भरणार नाही, कारण ती आपली आहे असे कोणालाच वाटत नाही. तिच्यावर दरमहा २ टक्के चढत राहतात आणि वर्षाच्या शेवटी तीही ‘थकबाकी’ म्हणून मोजली जाते.

तिसरी वारसांची. मालमत्ता विकली गेली तर तीन महिन्यांत आणि मालक वारला तर एक वर्षात महापालिकेला लेखी कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. फार थोडे लोक कळवतात. बिल मृताच्या नावे येत राहते आणि चार भावांतला प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो. नाव लागण्याआधीही मिळकत क्रमांकावर कर भरता येतो, आणि एका भावाने भरला म्हणून मालकी त्याची होत नाही, हे बिलावरच ठळक छापले तरी बरीच बाकी सुटेल.

आयुक्तांना विनंती आहे की थकबाकीचा एकच मोठा आकडा जाहीर करू नये. मूळ कर किती, शास्ती किती, आणि दुबार किंवा वादातली मागणी किती, असे तीन आकडे वेगळे द्यावेत. शास्तीने फुगलेला आकडा पाहून राजकारणी म्हणतात एवढे वसूल होणारच नाही, माफ करा. आणि त्याच आकड्याकडे बोट दाखवून प्रामाणिक माणूस म्हणतो, मग मीच का भरू?

आकारणीच मान्य नसेल त्यांनी क्रम चुकवू नये. नोटिशीत दिलेल्या मुदतीत आधी लेखी हरकत. तिचा निर्णय मान्य नसेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायालयात अपील, तेही १५ दिवसांच्या आत, आणि मागणीची रक्कम भरून. हरकतच न घेता थेट अपील केले, किंवा पैसे न भरता केले, तर ते टिकत नाही. नगरसेवकाच्या पत्राने यातली कोणतीही मुदत थांबत नाही.

आता राजकारणाबद्दल. करमाफीची आश्वासने घरपट्टीभोवतीच फिरतात, कारण नागरिकाला बिल म्हणून दिसणारा हा जवळपास एकच कर आहे. विड्या वळणारी बाई अंगाचा साबण घेते त्यात जीएसटी असतोच. २२ सप्टेंबर २०२५ ला तो १८ वरून ५ टक्क्यांवर आला, पण १८ होता तेव्हाही तिच्या हातात त्याचे बिल कोणी दिले नव्हते. त्यामुळे ‘आम्ही कर भरतो आणि बाकीचे फुकट जगतात’ हे बोलणे थांबायला हवे. या शहरात कर न भरणारा माणूसच नाही. फरक एवढाच की कोणाचा कर दिसतो आणि कोणाचा दिसत नाही.

जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली, तीही गेली. १ जुलै २०१७ पासून महापालिकांना राज्याकडून नुकसानभरपाईचे अनुदान मिळते: २०१६-१७ हे पायाभूत वर्ष आणि त्यावर वर्षाला ८ टक्के वाढ. शहरातला व्यापार वाढला काय किंवा बाजार बसला काय, अनुदान ठरल्या वाढीनेच येते. ज्याचा दर आणि वसुली दोन्ही महापालिकेच्या हातात आहेत असा मोठा कर म्हणजे आता मालमत्ता करच उरला. मुंबईने १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा कर माफ केला, हे उदाहरण व्यासपीठावरून द्यायला सोपे आहे. मुंबईच्या तिजोरीशी सोलापूरच्या तिजोरीची बरोबरी होत नाही.

वसुली ढिली पडली तर दुसरीकडूनही फटका बसतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळातल्या शहरी अनुदानाला अट घातली: लेखापरीक्षित हिशेब सर्वांना पाहता येतील असे खुले हवेत, आणि २०२२-२३ पासून मालमत्ता कराची वसुली राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या (जीएसडीपी) वाढीच्या बरोबरीने वाढायला हवी. दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या शहरांसाठी, आणि २०११ च्या जनगणनेत सोलापूर ९,५१,५५८ होते, या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेला होता. म्हणजे अशा अटी असल्या की घरपट्टीचा एक रुपया बुडाला तर पाण्यासाठी येणारा केंद्राचा पैसाही धोक्यात येतो.

पाण्याचा विषय निघाला की लोक विचारतात, रोज पाणी नाही तर कर कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांत दिले पाहिजे. उजनी धरणाहून सुमारे ११० किलोमीटर लांबीची, १७० एमएलडी (रोज १७ कोटी लिटर) क्षमतेची समांतर जलवाहिनी टाकली तरी तेवढ्याने नळाला रोज पाणी येत नाही. शहरात टाक्या लागतात, जुन्या वितरण वाहिन्या बदलाव्या लागतात, आणि पंपांचे वीजबिल दर महिन्याला भरावे लागते. मोठ्या योजनेला दिल्ली-मुंबईहून निधी येतो. चालवण्याचा खर्च शहरालाच करावा लागतो.

खर्चाच्या बाजूचा मोठा दोष अंदाजपत्रकात आहे. प्रत्येक प्रभागाची कामे बसावीत म्हणून जमेची बाजू फुगवली जाते. समजा थकबाकीसह मागणी १०० कोटी आहे. ८० येतील असे धरून कामे मंजूर होतात आणि प्रत्यक्षात ४५ येतात. कार्यादेश निघून गेलेले असतात. ठेकेदाराचे बिल वर्षभर अडते, आणि पुढच्या निविदेत तो उशिराचा खर्च धरूनच दर भरतो. तोच रस्ता शहराला महाग पडतो आणि पैसा कुठे गेला ते कोणाला सांगता येत नाही. हे थांबवायचे तर जमा धरताना मागच्या तीन वर्षांच्या प्रत्यक्ष वसुलीची सरासरी घ्यावी, आणि प्रत्येक बिलाच्या मागे गेल्या पूर्ण वर्षाचा प्रत्यक्ष खर्च छापावा: शंभर रुपयांतले पगार-निवृत्तिवेतनाला किती, वीजबिलाला किती, कचऱ्याला किती, रस्त्यांना किती. अंदाज नको, झालेला खर्च हवा.

मार्च २०२२ पासूनच्या प्रशासकीय राजवटीनंतर आता लोकनियुक्त सभागृह आले आहे. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ९९ प्रमाणे पुढच्या वर्षाच्या करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. त्याच सभेत शास्तीमाफीची कमाल मर्यादा ५० टक्के असा ठराव घेऊन इतिवृत्तात नोंदवावा. आणि एप्रिलमध्ये बिले वाटतानाच प्रत्येक विभागीय कार्यालयात दुरुस्तीची वेगळी खिडकी उघडावी. अर्ज करणाऱ्याने वाद नसलेला कर भरला असेल, तर निकाल लागेपर्यंत वादातल्या रकमेवरची शास्ती थांबवावी, आणि चूक महापालिकेची निघाली तर चुकीच्या नोंदीच्या पहिल्या दिवसापासूनची पूर्ण रद्द करावी.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर