जागा आधी कुणाची होती?

हॅमिल्टन, न्यूझीलंड

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

घराच्या चाव्या हातात आल्या. जागा पाच गुंठे, मागे फीजोआची दोन झाडं. आई, फोनवर तू पहिलं विचारलंस, "आधी कुणाची होती गं?" मी म्हटलं, एका म्हाताऱ्या शिक्षिकेची. तर म्हणालीस, "आणि तिच्या आधी?" उत्तर येईना, म्हणून लायब्ररीत जाऊन बसले.

बाबा, फौजेत होतात, तुम्हाला लगेच कळेल. 1863 साली सरकारनं इथल्या वायकाटो भागात इथले मूळ रहिवासी असलेल्या माओरींवर फौज घातली आणि ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणींवरून माणसं भरती केली. आमिष जमिनीचं, आणि तेही हुद्द्याप्रमाणे. मेजर किंवा त्यावरच्याला 400 एकर, कॅप्टनला 300, सार्जंटला 80, साध्या शिपायाला 50. शिवाय गावात एकरभर प्लॉट. (चाळीस गुंठे! आम्ही पाचासाठी तीस वर्षं हप्ते भरणार.) अट एकच, तीन वर्षं नोकरी. आपल्याकडच्या सरंजामासारखंच वाटतं ना? पण बोली झाली तेव्हा ती जमीन सरकारची नव्हतीच. वर्ष सरता सरता कायदा केला, माओरींना बंडखोर ठरवलं आणि वायकाटोतली सुमारे 12 लाख एकर जमीन जप्त केली. न लढलेल्यांचीही गेली.

पुढं बऱ्याच शिपायांनी आपला वाटा मिळेल त्या किमतीला फुंकून टाकला. दलदलीत पिकवणार काय? किरिकिरिरोआ या माओरी गावाचं हॅमिल्टन झालं, ते एका आरमारी कॅप्टनच्या नावावरून. तो तर गाव वसायच्या चार महिने आधीच टौरंगाजवळच्या लढाईत मेला होता.

1995 मध्ये सरकारनं माफी मागितली. थोडी जमीन आणि पैसे परत दिले. आमच्या गल्लीतली एक माओरी आजी मात्र अजून नदीकडे हात करून "आमचं तिकडं होतं" म्हणते. मला आजोबा आठवले. कोयनेच्या पाण्याकडे बोट करून ते असंच म्हणायचे, "त्या तिथं आपलं खळं."

वास्तुशांत पुढच्या महिन्यात, इथल्या गुरुजींना विचारलंय. पण आई, तू नेहमी परसात जागेच्या मालकाला दहीभाताचा नैवेद्य ठेवतेस, तो मी इथं कुणाच्या नावानं ठेवू? कळव.

तुमची,
धाकटी