सई, प्लेटोच्या बाजूने बोलण्याआधी हे वाच

सई बाळा,

परवा फोनवर म्हणालीस की मत फक्त शिकलेल्यांनाच द्यायला हवं, बाकीच्यांना काय कळतं, आणि वर प्लेटोचा, त्या जुन्या ग्रीक तत्त्वज्ञाचा, दाखला दिलास. तेव्हाच बोललो असतो तर तासभर वाद झाला असता आणि आई दोघांवर ओरडली असती, म्हणून लिहितोय.

प्लेटोचं म्हणणं सरळ आहे, जहाज चालवायला खलाशांचं बहुमत कोणी घेत नाही, ज्याला तारे नि वारा कळतो त्याच्याकडे सुकाणू द्यायचं. त्याचा राग पण मी समजू शकतो, इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्सच्या ज्युरीने त्याच्या गुरूला, सॉक्रेटिसला, बहुमतानेच मरणाची शिक्षा दिली. पण हाच प्लेटो सिसिलीत सिराक्यूजच्या तरुण राजाला तत्त्वज्ञ बनवायला गेला आणि ते प्रकरण असं फिसकटलं की मित्रांनी खटपट करून त्याला तिथून सोडवून आणलं. म्हणजे शहाणा राजा शोधायचा कसा हे त्यालाही जमलं नाही, आपल्याला काय जमणार!

ॲरिस्टॉटल हा प्लेटोचा शिष्य, त्याच्याच अकादमीत, म्हणजे शाळेत, वीसेक वर्षं राहिला तरी गुरूचं सगळं काही त्याने मान्य केलं नाही. तो म्हणतो जेवण कसं झालंय ते आचाऱ्यापेक्षा जेवणाऱ्याला जास्त कळतं. पाण्याची लाईन कुठून न्यायची हे इंजिनियरच सांगणार, मान्य, पण रात्री दोनला उठून हंडे कोण भरतं ते आपल्या मावशींना विचार, त्यांची शाळा चौथीतच सुटली.

हे सगळं जुनं झालं असं समजू नकोस. हरियाणाने २०१५ मध्ये पंचायतीला उभं राहायला शिक्षणाची अट घातली, सर्वसाधारण उमेदवाराला दहावी पास, आणि सुप्रीम कोर्टाने ती योग्य ठरवली, राजस्थानने मात्र तशीच अट २०१९ मध्ये काढून टाकली. आणि १९५१ च्या जनगणनेत आपल्याकडे साक्षर होते जेमतेम १८ टक्के, तुझा नियम तेव्हा लावला असता तर तुझ्या पणजीला मतदान केंद्राच्या दारातूनच परत पाठवलं असतं.

एक गोष्ट मात्र मलाही अजून पचत नाही. ॲरिस्टॉटलच्या मते चिठ्ठी टाकून पदं वाटणं ही लोकशाही, आणि निवडणूक हा मूठभरांच्या राज्याचा प्रकार. अथेन्समध्ये ५०० जणांची कौन्सिल चिठ्ठ्यांनीच ठरायची, ज्युरी निवडायला तर खाचा पाडलेला दगड होता, त्यात नावाच्या पट्ट्या खोचायच्या आणि बाजूच्या नळीतून काळे-पांढरे गोळे सोडायचे, ज्या ओळीला पांढरा येईल ती ओळ आत! हसू येतं, पण आपल्याकडे तिकीट कोणाला मिळतं ते बघितलं की हसू जातं. आयर्लंडने २०१६ मध्ये ९९ सामान्य माणसं अशीच रँडम निवडून गर्भपाताच्या कायद्यावर चर्चेला बसवली, २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्के लोकांनी बंदी उठवायला कौल दिला.

अर्थात ॲरिस्टॉटलला डोक्यावर घेऊ नकोस, गुलामगिरी त्याला नैसर्गिक वाटायची, बायकांनी राज्यकारभारात यावं हे तर त्याच्या गावीच नव्हतं, तिथे प्लेटो बरा. आणि ॲरिस्टॉटल स्वतः अथेन्समध्ये परका, त्यालाच तिथे मत नव्हतं.

तुझं अठरा पूर्ण झालंय, मतदार नोंदणीचा फॉर्म ६ भरलास का? नसेल तर या आठवड्यात ऑनलाइन भर, फोटो मी पाठवतो.

तुझा,
बाबा