सुया टोचायच्या आधी ब्रूनोचा कान बघ

सुमे,

तुझा मेसेज वाचला. ब्रूनोची एक पापणी लोंबतेय, आतल्या कोपऱ्यातून तो गुलाबी पडदा वर आलाय आणि तू थेट अ‍ॅक्युपंक्चरला निघालीस. थांब गं जरा, आधी आमच्या कुत्र्याचं, शेरूचं ऐक.

त्याचा डावा डोळा मिटेचना. झोपला तरी अर्धा उघडा, त्याच बाजूचा ओठ खाली आणि लाळेची तार. मला वाटलं म्हातारा झाला. डॉक्टरांनी अश्रू मोजायला पापणीत कागदाची पट्टी अडकवली, एका मिनिटात १५ मिलिमीटर तरी भिजायला हवी, ती ४ वरच थांबली. मग त्यांनी नाकाला बोट लावलं, डावी नाकपुडी खडखडीत, खपल्या धरलेली, उजवी ओलीचिंब! पापणी हलवणारी नस आणि अश्रू आणि नाकाचा ओलावा आणणारे तंतू काही अंतर बरोबरच जातात म्हणे, म्हणून दोन्ही गेलं. मी रोज त्या नाकाची पापी घ्यायचे आणि कधी लक्षात आलं नाही बघ.

सुया आठवड्यातून एकदा, वीसेक मिनिटं. डोळ्यात नाही हं टोचत, भुवईच्या टोकाला, डोळ्याखालच्या हाडाच्या कडेला, मानेच्या वर कवटीपाशी आणि एक पुढच्या पायात. दुसऱ्या वेळी तर हा सुयांसकट घोरत होता. सहाव्या खेपेनंतर पापणी निम्मी मिटायला लागली, पण खरं सांगू, नस आपलीआपण पण सुधारते आणि पिलोकार्पिन, म्हणजे अश्रू वाढवायचं औषध, पण चालू होतंच जेवणातून, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं ते तूच ठरव. डोळा वाचला तो मात्र डोळा ओला ठेवणाऱ्या जेलमुळे, दर दोन तासांनी, रात्री गजर लावून. एका रात्री गजर ऐकूच आला नाही आणि सकाळी बुबुळावर जखम.

ब्रूनोचं वेगळं वाटतंय, हॉर्नर सिंड्रोम असेल, म्हणजे डोळ्याकडे जाणारी एक दुसरीच नस बिघडते. त्यात बाहुली बारीक होते आणि डोळा आत गेल्यासारखा दिसतो. ब्रूनोसारख्या गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांमध्ये कारण न सापडता होतं बऱ्याचदा आणि काही आठवड्यांत, महिन्यांत आपोआप जातं पण. पण ती नस मधल्या कानातून जाते, तिथे इन्फेक्शन असेल तर सुया काय करणार कप्पाळ! म्हणून आधी कान, मग सुया, आणि त्या पण जनावरांच्या डॉक्टरकडूनच. डोळा लाल झाला किंवा दुधी दिसला तर माझ्या उत्तराची वाट बघू नकोस, त्याच दिवशी ने.

आत्ता एक कर, खोलीतला उजेड कमी करून, फ्लॅश बंद ठेवून त्याच्या दोन्ही डोळ्यांचा फोटो पाठव, बाहुल्या सारख्या आहेत का बघते.

तुझीच,
मंजू