नॉमिनी लावला म्हणजे झालं, असं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निवृत्त महिलांनी पैसे कुठे गुंतवावेत, यावर आपल्या रविवार पुरवणीत लेख आला होता. मुदत ठेव, पोस्टाची ज्येष्ठ नागरिक योजना, सोनं, सगळं नीट मांडलं होतं. पण ती बाई गेल्यावर त्या पैशाचं काय होतं, यावर ‘नॉमिनी अवश्य लावावा’ एवढं एकच वाक्य. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात घालवलेली, मूलबाळ नसलेली विधवा बाई आहे. मला त्या एका वाक्याबद्दलच लिहायचंय.

आमच्या शाळांच्या केंद्रात एक बाई होत्या. ऐन तरुणपणी नवरा गेला, माहेरी राहून डी.एड. केलं, नोकरी लागली. पुढे शिक्षक पतसंस्थेचं कर्ज काढून फ्लॅट घेतला. शेवटच्या आजारपणात डबे, दवाखाना, रात्रीची जागरणं सगळं भाऊ-भावजयीनं केलं. नॉमिनी भाऊच होता. बाई गेल्यावर फ्लॅट नावावर करायचं काम निघालं, तेव्हा कोर्टाच्या वारस दाखल्याचा विषय आला आणि वारस म्हणून उभे राहिले दीर, ज्यांनी दवाखान्याची पायरीही चढली नव्हती. बाईंची म्हातारी आई तेव्हा हयात होती. तरी कायद्याने दीरच बरोबर!

हिंदू वारसा कायदा, 1956, कलम 15. मृत्युपत्र न करता बाई गेली तर तिची मिळकत आधी मुलांना आणि नवऱ्याला. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांना. त्यांच्यातलं कुणीच नसेल तरच तिच्या आईवडिलांचा नंबर लागतो. हा कायदा बौद्ध, जैन, शीख बायकांनाही लागू आहे. गंमत अशी, की त्याच बाईंना वडिलांकडून वारशानं आलेली थोडी जमीन होती. ती मात्र पोटचं मूल नसल्यामुळे माहेरी परत गेली. म्हणजे बापाकडून आलेलं माहेराला, आणि स्वतः खडूची धूळ खाऊन मिळवलेलं सासरला. मुलगा गेला तर आई पहिल्या वर्गातली वारस, सुनेच्या आणि नातवंडांच्या बरोबरीनं. मुलगी गेली तर तीच आई जावयाच्या वारसांच्या मागे रांगेत.

हे फक्त आमच्याकडेच घडलं असंही नाही. नारायणीदेवी नावाच्या बाईंचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, आईवडिलांनी शिकवलं, नोकरी केली. 1996 मध्ये त्या वारल्या. बँकेतले पैसे आणि भविष्य निर्वाह निधी मिळावा म्हणून आईनं अर्ज केला. 2009 मध्ये निकाल लागला तो नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांच्या बाजूनं. प्रकरण कठीण आहे हे न्यायालयानं मान्य केलं, पण कलम स्पष्ट असताना सहानुभूतीवर निकाल देता येत नाही असं सांगितलं. त्याच्या आदल्याच वर्षी विधी आयोगानं 207व्या अहवालात हे कलम बदलण्याची शिफारस केली होती. ती अजून तशीच पडून आहे.

आता नॉमिनी. बँकेच्या दृष्टीनं नॉमिनी म्हणजे पैसे कुणाच्या हातात द्यायचे तो माणूस. त्यानं ते पुढे कायदेशीर वारसांना द्यायचे असतात. नोव्हेंबर 2025पासून बँकेत चार नॉमिनी लावता येतात, म्हणून ते चारही मालक होत नाहीत.

यावर आपल्या हातातला उपाय एकच, मृत्युपत्र. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीची सक्ती नाही. साध्या कागदावर चालतं. दोन साक्षीदार हवेत, त्यांनी आपल्याला सही करताना पाहिलेलं असावं आणि आपल्यासमोर सह्या कराव्यात. मी माझं करताना साक्षीदार मुद्दाम माझ्याहून तरुण घेतले, डॉक्टरांचा दाखला जोडला आणि दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणीही केली, उगाच कुणाला शंका नको. वकिलांनी केलेल्या मसुद्यात पहिलंच वाक्य पाऊण पान होतं. ते मी तोडून चार वाक्यं केली, सवयच आहे ती. फ्लॅट आणि ठेवी भाचीला, सासरच्या वडिलोपार्जित घरातला माझा हिस्सा पुतण्याला. माझे दीर भले गृहस्थ आहेत, पण त्यांच्या भलेपणावर माझा पगार कशाला सोडू? मन बदललं तर हयात असेपर्यंत मृत्युपत्र केव्हाही बदलता येतं.

मैत्रिणींजवळ विषय काढला की ‘भरल्या घरात अभद्र बोलू नका’ म्हणून गप्प बसवतात. वकिलाच्या फीचं कारण तर नकोच. मोफत कायदेशीर मदतीसाठी स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही, तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. हे किती शिक्षिकांना माहीत आहे?

निवृत्तिवेतनाची कागदपत्रं करताना आमच्याकडून नामनिर्देशनाचे फॉर्म भरून घेतात. त्याच गठ्ठ्यात शिक्षण विभागानं कलम 15 समजावणारं एक पान जोडावं. शिक्षक संघटना अधिवेशनात सत्काराच्या शाली वाटतात, तिथे अर्धा तास यासाठी ठेवावा. आणि आपण पुढच्या रविवारी त्याच लेखकाकडून मृत्युपत्राचा साधा, सोप्या मराठीतला नमुना लिहून घेऊन छापावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, कराड