ताई, त्या एसटीच्या तिकिटासाठी

ताई,

तुम्ही निवृत्त झालात हे परवा कळलं. खरं तर पेढे घेऊन यायला हवं होतं, पण आधी हे लिहून टाकते. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. आपल्या ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात ज्यांनी पुस्तकं बदलली ते ओळखतीलच.

अकरावीत मी रोज संध्याकाळी तुम्ही एकेक ट्यूबलाइट बंद करायला लागेपर्यंत बसायचे. वाचनाची गोडी वगैरे काही नव्हती, घरी जायला जेवढा उशीर होईल तेवढा हवा होता. मे महिन्यात मी पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून आले, तेव्हा तुम्ही काही न विचारता पंख्याखालची खुर्ची माझ्याकडे सरकवलीत. त्याच आठवड्यात देणगीत आलेल्या खोक्यातून एक इंग्रजी कादंबरी काढून दिलीत: चिमामांडा न्गोझी अदिची यांची ‘पर्पल हिबिस्कस’, 2003 सालची. मी मराठी माध्यमातली. म्हटलं, झेपणार नाही. तुम्ही म्हणालात, “झेपेल तेवढी वाच.” आत एका जागी कराड-सातारा एसटीचं तिकीट घातलेलं होतं आणि मागे बॉलपेनने लिहिलं होतं, ‘इथवर आलीस की थांब. पुढचं माझ्यासमोर वाच.’

गोष्ट नायजेरियातल्या एनुगू शहरातली. पंधरा वर्षांची काम्बिली ती सांगते. तिचा भाऊ जाजा सतरा वर्षांचा. वडील युजीन बडे कारखानदार, कट्टर कॅथलिक आणि एका वर्तमानपत्राचे मालक. देशात लष्करी राजवट असताना सरकारविरुद्ध छापायला न कचरणारे. लोकांच्या पोरांच्या फिया भरणारे. आणि घरात मुलांच्या दिवसाचं तासातासाचं वेळापत्रक भिंतीवर लावणारे. मुलगी वर्गात दुसरी आली, तर तिच्यासमोर आरसा धरून विचारणारे, की पहिल्या आलेल्या मुलीला डोकी किती आणि तुला किती? स्वतःच्या कपातला एक घोट चहा ते मुलांना प्रेमाने देतात. चहा इतका कढत की जीभ पोळते, आणि काम्बिलीला वाटतं, हे पोळणं म्हणजेच बाबांचं प्रेम.

तो चहा वाचून मी पुस्तक मिटलं आणि दोन दिवस उघडलं नाही.

आमच्याकडे चर्च नव्हतं, एकादशी होती. माझ्या बाबांना गावात देवमाणूस म्हणायचे. गरजू पोरांना त्यांनी मदत केलीय, ते खोटं नाही. तोवर माझा हिशोब असा होता: दोनपैकी एक गोष्ट खोटी असणार, आणि बाबांचा चांगुलपणा तर सगळ्या गावाने पाहिलेला, म्हणजे खोटी मीच. त्या युजीनने मला दाखवलं की दोन्ही खरं असू शकतं. हे मला तोपर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं.

तिकिटाच्या पानाशी आले तेव्हा तुम्ही मला मागच्या बाइंडिंगच्या खोलीत नेलंत. खळीचा वास, दोन कप चहा (मी तो निवू दिला). त्या पानांत युजीन मुलीला बाथटबमध्ये उभं करून तिच्या पावलांवर किटलीतलं उकळतं पाणी ओततो. गुन्हा काय, तर ख्रिस्ती न झालेल्या आजोबांबरोबर ती एका घरात राहिली. आणि ओतताना तो रडतो. ते रडणं माझ्या ओळखीचं होतं. मी बाही वर केली. तुम्ही “तुझे बाबा?” असं नाही विचारलंत. “अजून दुखतंय का?” एवढंच. दुसऱ्या दिवशी तुमच्या टेबलावरच्या फोनवरून आपण दोघींनी 1098, मुलांच्या मदतीचा तो नंबर, लावला. पुढचं सगळं इथे सांगत बसत नाही. बारावी मी मामाकडे राहून केली.

अजून एक. या कादंबरीत मुलांना मोकळा श्वास मिळतो तो न्सुका या विद्यापीठाच्या गावी, इफेओमाच्या घरी. इंग्रजीत ती नुसती ‘आँटी’, पण ती युजीनची बहीण, म्हणजे मुलांची सख्खी आत्या. मला हे उमगलं तेव्हा हसूच आलं, कारण माझी आत्या म्हणाली होती, “दादा तापट आहे गं, पण मनाने चांगला.” इफेओमाच्या घरी नळाला पाणी नाही, गाडीला पेट्रोल नाही, पण सगळे मोठ्याने हसतात. तिथे आमाका नावाची आतेबहीण काम्बिलीला पालेभाजी निवडता येत नाही म्हणून टोमणा मारते, तेव्हा आत्या काम्बिलीवरच ओरडते, तुला तोंड नाही का, उत्तर दे तिला! मग काम्बिली म्हणते, ओरडायची गरज नाही, मला येत नाही, तू दाखव. घरात गप्प राहूनच ज्यांचं निभावलंय त्यांना कळेल हे वाक्य किती अवघड असतं.

(शेवट कळू द्यायचा नसेल तर हा परिच्छेद सोडा.) आपलं भांडण आठवतंय? आई त्याच चहातून नवऱ्याला विष देते आणि जाजा गुन्हा स्वतःवर घेऊन तुरुंगात जातो. तुम्ही म्हणालात, मुलाने आईला वाचवलं. मी चिडले होते. पोरांनीच का भरायचं दरवेळी? अजूनही माझं मत तेच आहे. आणि काम्बिली ज्याच्या प्रेमात पडते त्या देखण्या धर्मगुरूचं, फादर अमादीचं प्रकरण मला तेव्हाही लांबलेलं वाटलं, आताही वाटतं.

जाजाचं बंड केवढं, तर झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, तो चर्चमध्ये कम्युनियनचा प्रसाद घ्यायला उठत नाही. वडील जाडजूड प्रार्थनापुस्तक भिरकावतात, आईच्या कपाटातल्या नाजूक मूर्ती फुटतात. बारावीनंतरच्या दसऱ्याला मी घरी गेले. बाबांच्या हातात सोनं दिलं, पण वाकले नाही. आमच्याकडे काही फुटलं नाही. आईने कढई उगाचच दुसऱ्यांदा घासायला घेतली आणि बाबा हातातल्या आपट्याच्या पानाकडे बघत राहिले.

तिकिटावरचं छापलेलं सगळं उडालंय. तुमचं बॉलपेनचं अक्षर तेवढं शाबूत आहे.

ते पुस्तक मी तेवीस दिवस उशिरा परत केलं होतं आणि तुम्ही दंडाची पावती फाडली नव्हतीत. शनिवारी घरी येतेय, पैसे घेऊन. या वेळी नाही म्हणू नका.

तुमची,
पंख्याखालच्या खुर्चीवरची